आत्मविकासात केटी

देवेश शिरसाट हा मोहन्यात राहणारा आणि कल्याणच्या एका कॉलेजात एस. वाय. बी. कॉम.ला जाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा मुलगा होता. अकाउंट्समध्ये त्याला बरे मार्क पडायचे, अर्थशास्त्रात पडायचे तसे पडायचे, आणि इंग्रजीत तो स्वतःच पडता पडता वाचायचा. अशा मुलाच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. पण यंदा अभ्यासक्रम बदलला आणि त्यात 'आत्मचिंतन व व्यक्तिमत्त्व विकास' नावाचा विषय आला; पोरं त्याला नुसतं 'आत्मविकास' म्हणायची. त्याला पुस्तक नाही, लेखी पेपर नाही. सत्र संपताना फक्त एक अहवाल द्यायचा: या सत्रात मी काय शिकलो आणि माणूस म्हणून माझी वाढ कशी झाली.

हा विषय प्रा. पोपटराव निकुंभ यांच्याकडे आला. निकुंभ सर मूळचे संख्याशास्त्राचे. त्यांच्या वेळापत्रकात मंगळवारी दुपारी एक भोक होतं, त्या भोकात आत्मचिंतन नीट बसलं, एवढंच.

देवेशने अहवाल लिहिला तो असा: "या सत्रात मी नियमित कॉलेजला आलो. अभ्यास केला. मी पूर्वी होतो तसाच आहे. तब्येत बरी आहे."

सरांनी त्याला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं.

"शिरसाट, हा अहवाल आहे की पोस्टकार्ड?"

"सर, जे झालं ते लिहिलंय."

"यात वाढ कुठाय?"

"सर, नाही झाली."

"अरे, नाही झाली म्हणून कसं चालेल? सगळ्या वर्गाची झालीय!" सरांनी गठ्ठ्यावर थाप मारली. "आधी संघर्ष पाहिजे. मग कलाटणी. मग परिवर्तन. आणि खाली फोटो. फोटो नसेल तर परिवर्तन धरलं जाणार नाही. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय, तिला काय दाखवू मी? तुझी बरी असलेली तब्येत? शनिवारपर्यंत वाढून ये."

शनिवारपर्यंत वाढायचं म्हणजे काय करायचं, हे देवेशला कळेना. घरी येऊन त्याने विषय काढला, हीच पहिली चूक. मोहन्याच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये एखाद्याने प्रश्न घरात विचारला की उत्तर जिन्यातून येतं. बाबा म्हणाले, पहाटे उठ, आपोआप वाढ होते. ते स्वतः आयुष्यभर पहाटे उठत आले होते आणि ठाण्याच्या एका ऑफिसात हेडक्लार्कच्या पुढे गेले नव्हते, हे देवेशच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढी वाढ त्याची झाली नव्हती. समोरचे पंढरीकाका कारखान्यातून निवृत्त झालेले. ते चप्पल न काढताच आत येऊन बसले.

"संघर्ष पाहिजे म्हणतात? आता कुठून आणायचा रे? आमच्या वेळी संघर्ष घरपोच यायचा. कारखाना बंद, पगार बंद, पाणी बंद. तुम्हाला काय, वायफाय गेलं की संघर्ष. माझा घे पाहिजे तर. माझ्याकडे भरपूर आहे, पडूनच आहे."

काकांनी मग स्वतःचा संघर्ष सांगायला घेतला. आईने दोनदा चहा टाकला, तरी संघर्षात काका अजून अप्रेंटिसच होते.

देवेशला खरा मार्ग दाखवला तो वर्गातल्या प्रियांकाने. तिच्या अहवालावर सरांनी लाल शाईत 'हृदयस्पर्शी' असं लिहिलं होतं.

"तू काय लिहिलंस?"

"माझा कुत्रा वारला."

"तुझ्याकडे कुत्रा होता?"

"नव्हता रे. असता तर मारायला जिवावर आलं असतं ना!" प्रियांका वडापावाचा घास घेत म्हणाली. "तू सिंपल कर. घरातलं कोणीतरी आजारी टाक, तू सेवा केलीस, मग तुला आयुष्य कळलं. बस. सर रडतात. फक्त लांबचं माणूस घे, म्हणजे लफडा नाही."

आता आजारी कुणाला पाडायचं, यावर देवेशने त्या सत्रातल्या कुठल्याही विषयापेक्षा जास्त अभ्यास केला. आईबाबा घरातच, त्यांना पाडलं तर दुसऱ्या दिवशी भाजीवालासुद्धा विचारेल. राहता राहिली ठाण्यातल्या बाळकुमची कलावती आत्या. बाबांची थोरली बहीण, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली सिस्टर, एकटीच राहणारी, आणि अशी खणखणीत बाई की आजार तिच्या दारात येऊन नंबर लावून बसला असता. शिवाय तिचा एक फोटोही देवेशकडे होता. गेल्या दिवाळीत पुरणपोळी खाऊन आत्या दुपारी सोफ्यावर आडवी झाली होती, तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय. आणि शेजारी देवेश खाली मान घालून बसलाय. तो मोबाइलवर गेम खेळत होता, पण मोबाइल फोटोत येत नव्हता. पुरणपोळीची सुस्ती आणि शेवटची घटका यांत छायाचित्रात फारसा फरक नसतो, हे त्याला तेव्हा कळलं.

अहवाल झकास झाला. आत्याला त्याने मोघम पण गंभीर दुखणं दिलं. रात्र रात्र उशाशी बसला, स्वतःच्या हाताने पेज भरवली, आणि एका पहाटे आत्या क्षीण आवाजात "बाळा, तू मोठा झालास रे" म्हणाली. आत्याने त्याला जन्मात बाळा म्हटलं नव्हतं. ती त्याला 'देव्या' म्हणायची, आणि तेही लाडाने नाही.

निकुंभ सर खरंच गहिवरले. गहिवरले ते गहिवरले, आणि त्यांनी तो अहवाल वर्गात वाचला. पुढे त्यावरही न थांबता फोटोसकट कॉलेजच्या पालक-विद्यार्थी ग्रुपवर टाकला, 'आजच्या तरुणाईत माणुसकी जिवंत आहे' अशा मथळ्याखाली. लोकांनी हात जोडले, फुलं टाकली, आणि पुढे ढकलला. परिणाम दोन झाले. वर्गातल्या ज्यांचे अहवाल फोटो नाही म्हणून परत आले होते त्यांनी घाईघाईने आपापल्या आत्या आजारी पाडल्या. आणि दुसरं म्हणजे तो फोटो फिरत फिरत बाळकुमला पोचला.

बाळकुमला तेव्हा आत्याच्या सोसायटीची निवडणूक लागली होती. बरीच वर्षं अध्यक्ष असलेले दौलतराव यांच्याविरुद्ध कलावती सिस्टर उभ्या होत्या. गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलंय, पाण्यात कबुतराची पिसं येतात, आणि अध्यक्ष मात्र प्रवेशद्वाराला कमान बांधतायत, हा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा चांगला होता, लोकांना पटत होता. इतक्यात फोटो आला. दौलतराव अत्यंत सज्जन माणूस. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लगेच लिहिलं: "आपल्या सर्वांच्या लाडक्या कलावती सिस्टर मृत्यूशी झुंज देत आहेत. अशा वेळी त्यांच्यावर पदाचा भार टाकणे अमानुष ठरेल. त्यांना विश्रांती द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चालून घरी आली तर दारात शहाळी घेऊन माणसं उभी. मागच्या गावठाणातली रंगूबाई, जी तिला रोज मासळी द्यायची, ती तर पाटी जिन्यातच ठेवून रडायला बसली होती. आत्याला बघून ती किंचाळली, "काय गो सिस्टर, तू जिती हाय?"

देवेशचा फोन वाजला तेव्हा तो कॅन्टीनमध्ये होता.

"देव्या, मी मरतेय का रे?"

"आत्या, ते काय झालं..."

"नाही, मरत असेन तर मला कुणीतरी कळवायला हवं होतं. रविवारी ये. बापाला पण आण."

रविवारी देवेश आणि बाबा बाळकुमला गेले. देवेशने एका दमात सगळं कबूल केलं. आत्याने ऐकून घेतलं, चष्मा लावून मोबाइलवर अहवाल वाचला आणि मान वर केली.

"पेज भरवलीस होय मला? स्वतःच्या हाताने? पेज कशाची करतात, सांग."

देवेशने विचार करून सांगितलं, "पेजेची... म्हणजे, पावडर मिळते ना?"

"तुझं पोरगं थोर आहे," आत्या बाबांना म्हणाली. बाबांनी "ताई, मी बोलतो त्याच्याशी" म्हणून मान खाली घातली. घरी सगळ्यांवर ओरडणारे बाबा ताईसमोर बसले की ऑफिसातले वाटायचे.

आता दौलतरावांना उत्तर द्यायचं तर नुसतं मी बरी आहे म्हणून भागणार नव्हतं. बरी आहे असं तर आजारी माणसंही म्हणतात. आत्याने सरळ सोसायटीच्या लोकांना गच्चीवर बोलावलं. "टाकी पण बघा आणि मलाही बघा," म्हणाली. साडीचा पदर खोचला आणि टाकीची लोखंडी शिडी ती अशी चढली की खाली उभ्या असलेल्या तरुण मंडळींनी आपापली पोटं आत घेतली. वर जाऊन तिने फुटकं झाकण दाखवलं, एक मेलेलं कबूतर पायाला धरून उंच केलं, आणि म्हणाली, "हे मृत्यूशी झुंजत होतं. मी नाही!" टाळ्या पडल्या. दौलतरावांनाही वाजवाव्या लागल्या. आत्या जिंकल्यासारखी उतरू लागली, आणि टाळ्यांना मान लववून उत्तर देण्याच्या नादात शेवटच्या पायरीवरून तिचा पाय सटकला.

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी घोट्याचं हाड मोडल्याचं सांगून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. पाय खाली टेकवायचा नाही, सोबत माणूस पाहिजे. सगळ्यांनी देवेशकडे बघितलं.

मोहन्यात आईने एका वाक्यात निकाल दिला. "लिहिलंस ना? आता कर."

देवेश बॅग घेऊन बाळकुमला राहायला गेला. कॉलेजला तिथूनच जायचं, आलं की आत्याकडे बघायचं. अहवालात सेवेला एक परिच्छेद लागला होता; प्रत्यक्षात सेवा सकाळी दूधवाल्याबरोबर सुरू व्हायची आणि संपायचीच नाही. पहिल्या दिवशी त्याने वरण लावलं ते इतकं करपलं की शेजारच्यांनी वॉचमनला पाठवलं. दुसऱ्या दिवशी आत्याला बाथरूमपर्यंत नेताना तोच घसरला, आणि आत्याने एका पायावर उभं राहून त्याला उठवलं. निवृत्त सिस्टर पेशंट झाली की काय होतं, याची कल्पना फक्त ज्यांनी भोगलंय त्यांनाच येईल. चादरीचा कोपरा तिरका चालत नसे. गोळीबरोबर पाणी किती गार, हे ती घोट घेऊन सांगायची आणि परत पाठवायची.

एकदा तो फार वैतागला. भात चिकट झाला होता, फोनवर कॉलेजची पोरं क्रिकेट बघायला बोलावत होती, आणि आत्याने तिसऱ्यांदा हाक मारली.

"काय आहे आता?"

"काही नाही. त्या अहवालात तुझी वाढ झाल्याचं वाचलं. झालीय ना?"

"हो!"

"मग ताट घे आणि वाढ. भूक लागलीय."

त्याने वाढलं. तो चिकट भात आत्याने एक शब्द न बोलता खाल्ला, आणि हात धुवायला पाणी मागताना म्हणाली, "उद्या पाणी कमी घाल." देवेशला कुणीतरी चांगलं म्हटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचा त्याला रागही आला. या दिवसांतला एकही फोटो त्याच्याकडे नाही. दोन्ही हात खरकटे असले की फोटो निघत नाही.

निवडणुकीत आत्या प्रचंड मतांनी निवडून आली. देवेश आनंदाने ओरडत घरात आला, तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"टाकीचं झाकण दाखवलं तेव्हा निम्मेच माझ्या बाजूने होते," ती म्हणाली. "पाय मोडला तसे सगळे आले. म्हणजे डोकं चालतंय म्हणून नाही, पाय चालत नाही म्हणून निवडलं मला. आणि तो दौलत हार घालताना काय म्हणाला माहितेय? 'बिचाऱ्या सिस्टर.' उद्यापासून त्याची कमान बघते मी."

हे चाललेलं असताना कॉलेजात तपासणी समिती आली. निकुंभ सरांनी सभागृहात 'विद्यार्थी परिवर्तन' असा कार्यक्रम ठेवला, देवेशला 'सेवाव्रती विद्यार्थी' ठरवलं, आणि साक्षात आत्याला निमंत्रण दिलं. पायाला प्लास्टर आहे हे कळल्यावर तर सर हरखूनच गेले. "गाडी पाठवतो," म्हणाले, "पण वॉकर घेऊनच या हं!" देवेशने आत्याला नको म्हणून विनवलं. ती म्हणाली, "इतकं बोलावतायत तर नाही कसं म्हणायचं?" आणि इस्त्रीची साडी काढली.

स्टेजवर आत्या वॉकर टेकत गेली तेव्हा सभागृह उभं राहिलं. प्राचार्यबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. सरांनी माइक आत्याच्या तोंडाशी धरला.

"मी जन्मभर नर्सगिरी केली," आत्या म्हणाली. "खोटं दुखणं मला दारातूनच कळतं. ह्याच्या अहवालात जे दुखणं आहे, ते मला कधी झालंच नाही. त्या फोटोत मी पुरणपोळी खाऊन झोपलेय."

सरांनी माइक मागे ओढायचा प्रयत्न केला. आत्याने तो सिस्टरच्या पकडीने धरून ठेवला.

"पाय खरा मोडलाय. तो ह्याच्या अहवालापायीच मोडला. त्यानंतर मात्र हा आला. वरण करपवतो, तोंड वाकडं करतो, हाक मारली की आधी उसासा टाकतो. पण उसासा टाकून उठतो. ह्याचे मार्क काय द्यायचे ते तुम्ही बघा. मी खोटं सर्टिफिकेट आजवर कुणाला दिलेलं नाही."

समितीतल्या एक बाई मघापासून टेबलावरचे अहवाल चाळत होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

"निकुंभ सर, या पुढच्या अहवालातही आत्याच आहे. त्याच्या पुढच्यातही. आणि या मुलाने तर फोटोसुद्धा याच बाईंचा लावलाय."

"बघू?" आत्याने हात पुढे केला. फोटो बघून ती सभागृहाला म्हणाली, "कोण रे हा भाचा? उभा राहा, ओळख तरी होऊ दे." कुणी उभं राहिलं नाही. शेवटच्या रांगेत कुत्रावाली प्रियांकाही खाली वाकून चपलेचा बंद शोधत होती. तिच्या चपलेला बंद नव्हता.

निकाल लागला. देवेश सगळ्या विषयांत पास झाला, आत्मविकासात त्याला केटी लागली, म्हणजे तेवढा विषय पुन्हा द्यायचा. 'अहवालातील मजकूर असत्य असल्याचे जाहीररीत्या सिद्ध' असा शेरा होता. बाकीच्या आत्या तपासायला कॉलेजला वेळ नव्हता, त्यामुळे त्या सगळ्या पास झाल्या. नापास झाली ती एकच, कारण खरी ती एकच होती. पंढरीकाकांनी ही बातमी जिनाभर नेली. "अकाउंट्समध्ये गेलेले पाहिलेत," ते प्रत्येक मजल्यावर थांबून सांगायचे, "वाढीत गेलेला पहिलाच." देवेश काही दिवस लिफ्ट नसलेल्या त्या बिल्डिंगमध्ये जिना टाळता कसा येईल याचा विचार करत होता.

केटीसाठी तोंडी परीक्षा ठेवली. तारीख बघून देवेश सरांकडे गेला.

"सर, त्या दिवशी मला नाही जमणार. नौपाड्याला आत्याचं प्लास्टर काढायचंय. तारीख बदलून मिळेल का?"

सरांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "शिरसाट, मी काय तुझ्यावर अविश्वास ठेवतोय? मी डोळ्यांनी पाहिलंय त्यांना. पण नोटीस वाचलीस का?"

बोर्डावर प्राचार्यांच्या सहीची नोटीस होती: यापुढे अहवाल, रजा, गैरहजेरी अथवा अन्य कोणत्याही कामी 'आत्या' हे कारण ग्राह्य धरले जाणार नाही.

"मग काय करू, सर?"

"मामी लिही," सर म्हणाले. "मामीला बंदी नाही. मामीचं प्लास्टर आहे म्हण, मी तारीख बदलतो, तू ये, दोन चांगली वाक्यं बोल, पास हो. मलाही तुझी केटी ठेवायची हौस नाही रे. वरून विचारतात."

अर्ज समोर होता, पेन सरांनीच दिलं होतं. मामी डोंबिवलीला होती आणि तिचे दोन्ही पाय शाबूत होते. एका शब्दाचाच प्रश्न होता. देवेशने पेन उचललं. सेवा वगैरे काही त्याच्या मनात नव्हतं. मामीला शिडी चढताना त्याने डोळ्यांपुढे आणलं, आणि आपण लिहिलेलं एकदा खरं झालं होतं, हे त्याला आठवलं.

"आत्याच आहे सर," तो म्हणाला आणि तसंच लिहिलं.

"मग मला अनुपस्थित टाकावं लागेल."

"टाका."

सरांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. तेवढ्यात घंटा झाली आणि त्यांना संख्याशास्त्राच्या तासाला जावं लागलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी कॉलेजात देवेश शिरसाट नाव दोनदा पुकारलं गेलं, तेव्हा तो नौपाड्याच्या दवाखान्यात आत्याची पर्स, वॉकर, पाण्याची बाटली आणि जुने एक्स-रे सांभाळत उभा होता. करवतीचा आवाज सुरू झाल्यावर त्यानेच डोळे मिटले. आत्या डॉक्टरांना करवत कशी धरावी ते सांगत होती. प्लास्टर निघालं. आतून पाय सुकलेला, पांढराफटक निघाला. आत्याने त्या पायाकडे एखाद्या कामचुकार वॉर्डबॉयकडे बघावं तसं बघितलं.

"पेशंटला धरायला कोण आहे?" कंपाउंडरने विचारलं.

"हा आहे भाचा," आत्या म्हणाली. "आत्मविकासात केटी आहे त्याला. पण संसर्गजन्य नाही, चालेल."

मग वॉकर बाजूला सारून तिने देवेशचा खांदा पकडला आणि पहिल्यांदाच दोन्ही पायांवर उभी राहिली. सगळा भार खांद्यावर आला तशी देवेशच्या तोंडून किंकाळी निघाली. एवढ्या दिवसांत आत्या आणखी खणखणीत झाली होती.